लातूरच्या सोयाबीनला श्रीलंकेची भीती

सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की मराठवाड्यात एक ठरलेले बोलणे ऐकू येते. कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर, मोंढ्यातल्या आडतीवर, तालुक्याच्या खरीप बैठकीत, कुठेही. ‘सेंद्रिय वगैरे ठीक आहे हो, पण उतारा कोण देणार? ही शहरातल्या पोट भरलेल्या लोकांची हौस. कोरडवाहू माणूस हिच्या नादी लागला की उरलंसुरलं घालवून बसतो. श्रीलंकेचं काय झालं, पाहिलं ना?’ एवढे बोलून होईस्तोवर चहा येतो आणि विषय संपतो.

असे बोलणारे सगळे खतकंपन्यांचे दलाल आहेत, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे आणि आपल्यातले बरेच जण तेच करतात. मला ते पटत नाही. त्यांत शिकलेले कृषितज्ज्ञ आहेत, पन्नास-पन्नास पावसाळे शेतात काढलेली माणसे आहेत, शेतकरी संघटनेच्या मुशीतून आलेले, तंत्रज्ञान स्वातंत्र्यासाठी लढलेले कार्यकर्ते आहेत. म्हणून त्यांच्या म्हणण्याला उत्तरच दिले पाहिजे. माझा आक्षेप एवढाच, की त्यांचा युक्तिवाद उसना आहे. तो पंजाबच्या गव्हावरून आणि श्रीलंकेच्या भातावरून उचलला आणि औसा, निलंगा, मुखेड, कंधारच्या रानात आणून टाकला. इथे काय पिकते, याचा त्यात विचारच नाही. आणि सेंद्रिय शेतकरी खरोखर जिथे बुडतो, त्या जागेबद्दल त्यात अवाक्षर नाही.

श्रीलंकेचे आधी उरकून टाकू. मे २०२१ मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खते आणि कीटकनाशकांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली. परकीय चलनाचा खडखडाट झाला होता, त्याला सेंद्रियतेचा मुलामा दिला गेला. कंपोस्ट नाही, प्रशिक्षण नाही, संक्रमणाचा काळ नाही. भात आणि चहा दोन्ही कोसळले आणि नोव्हेंबरात बंदी उठवावी लागली. यातून शिकायचे ते हे, की शेतकऱ्यावर कोणतीही पद्धत हुकमाने लादू नये. नांदेड-लातूरमध्ये बंदीची मागणी कोण करतो आहे? एकही सेंद्रिय गट करत नाही. जो स्वखुशीने दोन-चार एकरांवर ही वाट धरतो, त्याला आधार द्या, एवढेच मागणे आहे. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने तणनाशक सहन करणाऱ्या, मान्यता नसलेल्या कापूस वाणाची जाहीर लागवड केली, ती शेतकऱ्याच्या निवडीच्या हक्कासाठी. हा हक्क मला मान्य आहे. मग ज्याला त्या वाणाची बॅग नको आहे, त्याच्या निवडीला हसायचे कशाला?

आता मुख्य मुद्दा, उताऱ्याचा. रासायनिक खताशिवाय उत्पादन घटते हे विधान सरसकट खरे नाही आणि सरसकट खोटेही नाही. २०१२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात सॉयफर्ट, रामनकुट्टी आणि फोली यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जगभरच्या तुलनात्मक प्रयोगांचे आकडे त्यांनी एकत्र केले. सरासरीने सेंद्रिय उत्पादन पारंपरिक पद्धतीपेक्षा पंचवीस टक्क्यांच्या आसपास कमी निघाले. हा आकडा विरोधक नेहमी सांगतात आणि बरोबर सांगतात. त्याच अभ्यासातली पुढची ओळ मात्र कोणी सांगत नाही. पावसावरची द्विदल पिके आणि बहुवर्षायू पिके, फार आम्ल वा फार विम्ल नसलेल्या जमिनीत, यांतली घट अवघी पाच टक्के होती.

पावसावरची द्विदल पिके म्हणजे कोणती? लातूर जिल्ह्याच्या खरिपाचा बहुतेक पेरा सोयाबीनचा, त्यात तुरीचे पाटे, बाजूला मूग आणि उडीद. रब्बीला हरभरा. नांदेडमध्ये कापूस, अर्धापूरची केळी आणि हळद सोडली तर चित्र फारसे वेगळे नाही. ही सगळी द्विदल पिके मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र स्वतः ओढतात. गव्हाला नत्र बाहेरून द्यावाच लागतो, सोयाबीनला तो बऱ्याच अंशी स्वतःच मिळवता येतो. आपल्याकडची सोयाबीनची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी बारा किलो. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत वीस किलोंहून थोडा जास्त नत्र असतो. म्हणजे ज्या नत्राच्या नावाने एवढी भीती घातली जाते, तो आपल्या मुख्य पिकाला एकरी अर्ध्या-पाऊण गोणीइतका लागतो. तेवढा एक ट्रॉली चांगले कुजलेले शेणखत आणि बियाण्याला रायझोबियम चोळून भागवता येतो.

आपल्या जमिनी चुनखडीयुक्त आणि बऱ्याच ठिकाणी चांगल्याच विम्ल आहेत, तेव्हा ‘नेचर’मधला पाच टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नये, असे कोणी म्हणेल. म्हणावे. त्यासाठी काळ्या जमिनीवरचा प्रयोगही आहे. मध्य प्रदेशात निमाडमधल्या कसरावदजवळ स्वित्झर्लंडची ‘फिबल’ ही संशोधन संस्था २००७ पासून कापूस, सोयाबीन आणि गहू या फेरपालटावर दीर्घकालीन प्रयोग चालवते. सुरुवातीच्या वर्षांचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. कापूस आणि गव्हात सेंद्रिय बाजू मागे पडली. सोयाबीनमध्ये मात्र दोन्ही पद्धतींचे उत्पादन जवळपास बरोबरीचे होते आणि खर्च कमी असल्याने सेंद्रिय सोयाबीनची शिल्लक जास्त राहिली. निमाड आपल्यापासून सातासमुद्रापार नाही. तिथलीही माती काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. ऊस, केळी, संकरित कापूस यांच्याबद्दल उताऱ्याचा आक्षेप जड आहे; तिथे मी कोणाला आग्रह करणार नाही. पण सोयाबीन, तूर, उडीद, हरभरा यांच्या पट्ट्यात हाच आक्षेप सर्वांत हलका आहे, आणि नेमक्या याच पट्ट्यात तो सर्वांत मोठ्या आवाजात ऐकवला जातो.

अडचण नत्राची नसून स्फुरदाची आहे आणि ती सेंद्रियवाल्यांनी कबूल केली पाहिजे. एकरी आठ क्विंटल सोयाबीन बाजारात गेले की त्याबरोबर साधारण दहा किलो स्फुरद रानातून जातो. दोन टन शेणखतातून चार-पाच किलो परत येतो. तूट राहतेच. इथे काही जण खनिज स्फुरद म्हणजे रॉक फॉस्फेट थेट रानात टाकायला सांगतात. तो सल्ला कोकणच्या आम्ल जमिनीत चालेल. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ती पूड वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. ती शेणखताच्या खड्ड्यात मिसळून, कुजवून मगच द्यावी लागते. दुसरीकडे, डीएपीतून दिलेल्या स्फुरदाचेही या जमिनीत फार भले होत नाही. चुन्याशी बांधला जाऊन त्यातला बहुतांश पहिल्या हंगामात पिकाच्या हाती लागतच नाही. इतकी वर्षे टाकलेल्या डीएपीतला बराचसा स्फुरद मातीत अडकून पडला आहे. तो थोडाथोडा सोडवायला स्फुरद विरघळवणारे जिवाणू लागतात आणि त्या जिवाणूंना खायला सेंद्रिय कर्ब लागतो. तो कर्ब आपल्या बहुतेक रानांत अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. डीएपीच्या बॅगेसाठी रांगेत उभे राहायचे, तिच्यासोबत दुकानदार गळ्यात मारील ती नको असलेली बाटलीही घ्यायची, आणि घरी येऊन सोयाबीनचे भुसकट पेटवून द्यायचे. आमच्याकडची ही पद्धत मला कोणत्याही गोमूत्राच्या दाव्यापेक्षा जास्त अवैज्ञानिक वाटते.

पुढचा आक्षेप शेणाचा. ‘शेणखत, शेणखत म्हणता, पण जनावरं आहेत कुठे?’ विरोधकांचा हा सर्वांत चांगला प्रश्न आहे आणि त्याला आपल्या बाजूने सर्वांत वाईट उत्तरे दिली जातात. एका देशी गाईच्या शेणमूत्रावर तीस एकर पिकते, असे सांगणाऱ्या शिबिरांनी या चळवळीचे नुकसान केले आहे. जीवामृताची कृती साधी आहे: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ते जिवाणूंचे विरजण आहे. विरजणाने दूध वाढत नाही. रानात कुजण्यासारखे काही नसेल तर जीवामृत काय कुजवणार? २०१९ मध्ये राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने झीरो बजेट शेतीवर टीका केली तेव्हा आपल्याकडच्या अनेकांना राग आला. मला त्या टीकेतला पुराव्याचा आग्रह रास्तच वाटला.

पण जनावरे गेली कुठे, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी थोडे मागेही पाहावे. देवणी हा गोवंश लातूर जिल्ह्याचा, लाल कंधारी नांदेडच्या कंधारचा. देशातल्या नावाजलेल्या गोवंशांपैकी दोन या दोन जिल्ह्यांच्या मातीतले आहेत. ट्रॅक्टर आला तशी बैलजोडी परवडेनाशी झाली, हे खरेच. त्यात २०१५ मध्ये राज्याने गोवंशहत्याबंदी बैलांनाही लागू केली आणि म्हाताऱ्या बैलाला बाजारात किंमत उरली नाही. जुना बैल विकून त्यात भर घालून नवा घ्यायची शेतकऱ्याची रीत त्या कायद्याने मोडली. मग कोण ठेवणार बैल? गोठा रिकामा झाला, उकिरडा आटला, कोळपणी बंद झाली, आणि कोळप्याच्या जागी तणनाशक आले. गाईचा जयजयकार करणाऱ्या राजवटीतच हे घडले, ही बाब नैसर्गिक शेतीच्या व्यासपीठांवर कोणी काढत नाही.

३० सप्टेंबर २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला पन्नास रुपये अनुदान मंजूर केले. वर्षाचे होतात १८,२५० रुपये. उदगीर किंवा लोह्याच्या शेतकऱ्याने तीच गाय स्वतःच्या दावणीला बांधली, तिचे शेण स्वतःच्या रानात घातले, तर त्याला या योजनेतून एक रुपयाही नाही. केंद्राने २०२३ मध्ये बायोगॅस प्रकल्पांतून निघणाऱ्या सेंद्रिय खतासाठी टनामागे १,५०० रुपयांचे विपणन साहाय्य सुरू केले. तेही कारखान्यात तयार होणाऱ्या खताला. घरच्या नाडेप टाकीत खत करणाऱ्याला नाही. त्या टाकीची पद्धत आपल्या माहूरजवळच्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी घालून दिली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतींत भोके ठेवलेली टाकी. थोडे शेण, भरपूर काडीकचरा, माती, पाणी आणि तीनेक महिन्यांची सवड. शेण कमी आहे हे गृहीत धरूनच ही पद्धत बांधलेली आहे. ‘शेण कुठून आणणार’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच तयार होते. पण फुकटात खत करणाऱ्या माणसाला मोजायचे कसे, हे सरकारी कागदाला समजत नाही.

किडींबद्दल थोडक्यात. २०१७ मध्ये नांदेडच्या सीमेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. त्यांत शेतकरी होते, मजूर होते. तिथे कापूस होता, इथे सोयाबीन आहे, असे म्हणून सुटता येत नाही. पाठीवरचा पंप तोच आहे आणि तोंडावर बांधलेला गमछाही तोच. रासायनिक उपाय असतानाही २०२२ च्या खरिपात लातूर भागात गोगलगायींनी सोयाबीनची रोपे फस्त केलीच. त्या वेळी उपयोगी पडलेला एक उपाय किती साधा होता! गुळाच्या पाण्यात भिजवलेली बारदाने संध्याकाळी बांधाच्या कडेने अंथरायची. सकाळी बारदान उलटले की खाली गोगलगायींचा खच. त्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मात्र हे एकट्याने करून भागत नाही. शेजारच्या दहा जणांनी केले नाही तर रात्रीत पुन्हा तितक्याच येतात. निंबोळी अर्काचेही तसेच. जूनमध्ये पिवळ्या झालेल्या निंबोळ्या वेचायच्या, गर धुऊन बिया सावलीत वाळवायच्या, फवारणीच्या आदल्या दिवशी पाच किलो कुटून रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी फडक्यातून दोनदा गाळायचे आणि साबणाचा चुरा घालून शंभर लिटर करायचे. एवढे करून एक एकर नीट भिजत नाही, दोन पंप कमीच पडतात. नोझल चोंदते ते वेगळेच. कृषी सेवा केंद्रातून बाटली आणायला दहा मिनिटे लागतात. २०२३ सारखा पिवळा मोझॅक आला, तर निंबोळी अर्क पांढऱ्या माशीला थोडाफार आवर घालील, पण एकदा धरलेला रोग बरा करणार नाही. बाटलीही करत नाही, हा भाग निराळा.

म्हणजे प्रश्न मजुरीचा आहे. तणाचा तर फारच. सोयाबीनला पंधरा-वीस दिवसांवर एक कोळपणी, महिन्यावर दुसरी आणि मध्ये एक खुरपणी लागते. त्याच आठवड्यात पाऊस लागून राहिला तर कोळपे चालत नाही आणि खुरपायला बाया मिळत नाहीत, कारण सगळ्या गावाला त्या एकाच वेळी हव्या असतात. तणनाशक स्वस्त पडते, यात वाद नाही. पण इथून ‘सेंद्रिय शेती अशक्य’ असा निष्कर्ष काढायचा, की जुलै-ऑगस्टमध्ये शेतकऱ्याच्या हाती मजुरीपुरती रोकड ठेवायची सोय करायची? पेरणी ते काढणीची कामे रोजगार हमीतून घ्या ही शेतकऱ्यांची जुनीच मागणी आहे. ती निदान नोंदणीकृत सेंद्रिय गटांपुरती तरी मान्य करून पाहायला हरकत काय? तणनाशकावर जाणारा पैसा कंपनीकडे जातो, खुरपणीचा गावातल्या बाईच्या हाती पडतो. सरकारला यांतले कोणते परवडते, ते त्याने सांगावे.

‘अनुदानाशिवाय सेंद्रिय शेती टिकत नाही, मग ती व्यवहार्य कशी?’ हा आक्षेप मला सर्वांत गमतीचा वाटतो. युरियाची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिची खरी किंमत याच्या कितीतरी पट आहे. फरक तिजोरी भरते. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राने खतांच्या अनुदानासाठी सुमारे १ लाख ६४ हजार कोटी रुपये ठेवले होते. युक्रेन युद्धाच्या वर्षी, २०२२-२३ मध्ये, हा खर्च अडीच लाख कोटींवर गेला. त्याच्या शेजारी २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेले राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान ठेवा: १५ हजार गट, एक कोटी शेतकरी, आणि केंद्र-राज्य मिळून एकूण तरतूद २,४८१ कोटी. खतांच्या एका वर्षाच्या अनुदानाच्या दीड टक्का. एवढ्या असमान काट्यावर तोलून पुन्हा विचारायचे, की सेंद्रिय शेती स्वतःच्या पायावर उभी का राहत नाही!

परंपरागत कृषी विकास योजना २०१५ पासून आहे. हल्लीच्या नियमाने तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये. त्यांतले १५,००० निविष्ठांसाठी शेतकऱ्याच्या खात्यात, बाकीचे प्रशिक्षण, प्रमाणीकरण, विक्री यांवर. हेक्टरी पंधरा हजार तीन वर्षांत, म्हणजे एकरी वर्षाला दोन हजार. गोशाळेतल्या गाईला चाळीस दिवसांत मिळतात तेवढे. आणि हे दोन हजार येतात कधी? निविष्ठांचे पैसे पेरणीनंतर आले तर त्यांचा उपयोग निविष्ठांना होत नाही, दिवाळीला होतो. शेतकऱ्याची परीक्षा पहिल्या तीन हंगामांत असते. रसायने बंद झालेली असतात, जमीन सावरलेली नसते, उतारा थोडा बसलेला असतो, आणि माल अजून ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही. हंगामी पिकांसाठी प्रमाणीकरणाच्या नियमांत दोन वर्षांचा हा रूपांतर काळ आहेच. त्या काळात त्याच्या सोयाबीनला मोंढ्यात शेजाऱ्याइतकाच भाव मिळतो. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजार त्याच्या बराच खाली होता. ज्याला हमीभावच मिळत नाही, त्याने कोणत्या बळावर दोन वर्षे थांबायचे? हा शेतकरी योजना सोडून देतो तेव्हा आपण म्हणतो, बघा, सेंद्रिय शेती फसली.

राहिला लबाडीचा आरोप: सेंद्रिय म्हणजे कागदी खेळ, प्रमाणपत्रे विकत मिळतात. यात दुर्दैवाने तथ्य आहे. २०२० मध्ये जागतिक सेंद्रिय वस्त्र मानक सांभाळणाऱ्या संस्थेला भारतातून गेलेल्या हजारो टन ‘सेंद्रिय’ कापसाची कागदपत्रे बनावट आढळली. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेने आपल्या ‘अपेडा’ या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या प्रमाणीकरणाला दिलेली मान्यता काढून घेतली. २०२२ मध्ये भारतीय सेंद्रिय सोयापेंडीवर अमेरिकेने जबर आयात शुल्क बसवले. सेंद्रिय सोयाबीनचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे तिथल्या सेंद्रिय कोंबड्या, त्यांचे दार निम्मे लागले. पण लबाडी केली ती निर्यातदारांनी आणि प्रमाणीकरण करणाऱ्यांनी, आणि शिक्षा भोगली ज्याने खरोखर रसायन वापरले नाही त्याने. भेसळ सापडते म्हणून आपण दुधाचा धंदा बंद करा म्हणत नाही. तपासणी वाढवा म्हणतो.

मला यातून वेगळाच धडा दिसतो. सोयाबीन सेंद्रिय करून सातासमुद्रापार पाठवण्यापेक्षा जे आपल्याच ताटात येते, ते आधी सेंद्रिय करावे. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारी वसमतच्या हळदीलाही. लातुरात डाळमिल आहेत, खाणारे पुण्या-मुंबईत आहेत. घाण्याच्या करडई तेलाला आज शहरात मागणी आहे आणि करडई हे तर आपल्या रब्बीचे जुने पीक. या मालाला परदेशी शिक्क्याची गरज नाही. शेतकरी गटांनी एकमेकांच्या शेतांची पाहणी करून द्यायचे सहभाग हमीचे प्रमाणपत्र देशांतर्गत विक्रीला चालते. त्याची विश्वासार्हता वाढवायची तर रसायनांचे अंश तपासणारी प्रयोगशाळा शेतकऱ्याला परवडेल अशा दरात आणि हाकेच्या अंतरावर हवी. आणि सेंद्रिय पोत्याशेजारी साधे पोते ओतले जाणार नाही अशी निराळी जागा बाजार समितीत हवी. आज सेंद्रिय तूर मोंढ्यात गेली की त्याच ढिगात पडते आणि त्याच पट्टीने मोजली जाते.

हे सारे काल्पनिक आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी लातूर, धाराशिव, नांदेडच्या गावांत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’च्या बायका काय करतात ते पाहावे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनात या कामाची मुळे आहेत. प्रेमा गोपालन यांनी ते उभे केले आणि २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार त्याला मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. या बायकांचे सूत्र सोपे: घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर नवऱ्याकडून मागून घ्यायचा, त्यात सोयाबीन किंवा ऊस न लावता डाळी, भाजीपाला, ज्वारी असे घरात खायचे लावायचे, खत आणि अर्क घरचे. आधी घराचे पोट, उरले तर बाजार. यात उताऱ्याची स्पर्धा नाही. खर्च बाहेर जात नाही आणि पाऊस हुकला तरी चूल थांबत नाही. कोरडवाहू माणसाला सेंद्रिय परवडत नाही म्हणणाऱ्यांनी एक पाहावे: हजारो घरांत ती सुरू झाली ती दुष्काळातच, आणि सुरू केली तीही ज्यांच्या नावावर सातबाराच नाही अशा बायकांनी.

राज्याने २०२३ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत २५ लाख हेक्टर नैसर्गिक शेतीखाली आणण्याची घोषणा केली. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपुरते असलेले डॉ. पंजाबराव देशमुख मिशन सगळ्या राज्यासाठी केले. हेक्टरांच्या अशा घोषणांची मला धास्ती वाटते. २५ लाख हेक्टर कागदावर चटकन होतात, आणि कागदावरची सेंद्रिय शेती उघडी पडली की खरी करणाराही त्यात भरडला जातो. हेक्टर कमी ठेवा. रूपांतराच्या वर्षांत एकरी मदत वाढवा आणि ती मृगाच्या आत खात्यात घाला. कारखान्याच्या खताला जे देता, ते नाडेपच्या खतालाही द्या; गोशाळेला जे देता, ते देवणी आणि लाल कंधारी दावणीला बांधणाऱ्यालाही द्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने सोयाबीन-तुरीच्या सेंद्रिय पद्धतीचे निष्कर्ष, उतारा घटला असेल तर घटीसकट, दरवर्षी लोकांपुढे ठेवावेत. आक्षेप घेणाऱ्यांनी मग त्या आकड्यांशी भांडावे, श्रीलंकेशी नको.

नांदेड आणि लातूरच्या खरीप आढावा बैठकांत युरिया आणि डीएपीचे आवंटन किती टन, हा आकडा दरवर्षी वाचून दाखवला जातो. येत्या बैठकीत आणखी दोन आकडे मागा: जिल्ह्यातल्या सेंद्रिय गटांचे मागच्या वर्षीचे किती रुपये अजून खात्यावर आले नाहीत, आणि तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या गटांपैकी आज किती उरले आहेत. पालकमंत्र्यांनी नाही विचारले, तर तुम्ही उभे राहून विचारा.